सोळा शब्दांचा हिरा

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरी नावाचे एक गाव आहे. गावातील टेकडीवर वज्रेश्वरी देवीचे मंदिर असून त्याच्या भोवती एखाद्या किल्ल्याला शोभावा असा दगडी तट आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकून घेतली. त्या मोहिमेच्या वेळी त्यांनी या देवीला नवस केला होता आणि विजयानंतर हे मंदिर उभे राहिले, असे परंपरेने सांगतात. मंदिरापासून थोड्याच अंतरावर, अकलोली व गणेशपुरी येथे, गरम पाण्याची कुंडे आहेत. देवीच्या दर्शनाला येणारे लोक या कुंडांत स्नान करतात.

वज्र या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ इंद्राचे आयुध असा; दुसरा अर्थ हिरा. देवीच्या नावाभोवती ज्या कथा गुंफल्या गेल्या आहेत, त्या पहिल्या अर्थाच्या आहेत. आपल्याला आज दुसऱ्या अर्थाशी काम आहे. मुलांनो, या पाठात आपण एक हिरा घडविणार आहोत. परंतु तो खाणीतला नव्हे, शब्दांचा. त्याला मोजून सोळा शब्द लागतात, आणि ते सोळाही शब्द तुमच्याजवळ आताच आहेत.

या हिऱ्याला आपण 'हिराकृती कविता' म्हणू. ती सात ओळींची असते. पहिल्या ओळीत एक शब्द, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार. मग पुन्हा उतरत्या क्रमाने पाचवीत तीन, सहावीत दोन आणि सातवीत एक. ओळी कागदाच्या मध्यावर एकीखाली एक लिहिल्या, की वर निमुळती, मध्ये रुंद आणि खाली पुन्हा निमुळती अशी आकृती तयार होते. पत्त्यातील चौकट तुम्ही पाहिली असेल. ही आकृती तशीच दिसते.

ही रचना फार जुनी नाही. अमेरिकेतील आयरिस टीट या शिक्षणतज्ज्ञ विदुषीने १९६९ साली ती प्रथम मांडली. शाळेतील मुलांना शब्दांच्या जाती कळाव्यात आणि त्याच वेळी कविता लिहिण्याचा आनंदही मिळावा, अशी ही योजना होती. तिला त्यांनी 'दियामांते' असे नाव दिले. इटालियन भाषेत दियामांते म्हणजे हिरा.

तुम्ही विचाराल, "परदेशातून आलेली रचना आपल्या मराठीला मानवेल काय?" का मानवू नये? चौदा ओळींचे सुनीत युरोपातून आले. केशवसुतांनी १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' हे मराठीतील पहिले सुनीत लिहिले, आणि पुढे ते मराठी कवींच्या हातात असे रुळले, की ते बाहेरचे आहे याची आठवणही राहिली नाही. शिवाय, मोजून-मापून लिहिणे आपल्याला मुळीच नवे नाही. अभंगाच्या चरणांत अक्षरे मोजलेली असतात. मोरोपंतांनी तर १०८ रामायणे रचली, त्यांपैकी एकाचे नाव 'निरोष्ठ रामायण'. ओष्ठ म्हणजे ओठ. प, फ, ब, भ, म ही अक्षरे उच्चारताना ओठ ओठांना लागतात. ती अक्षरे अजिबात न वापरता पंतांनी ते सबंध काव्य रचले. त्यांच्या त्या बंधनापुढे आपले सोळा शब्दांचे बंधन म्हणजे काहीच नव्हे!

आता या रचनेचे नियम पाहू.

पहिली ओळ : एक नाम. हा कवितेचा आरंभीचा विषय.
दुसरी ओळ : त्या नामाची दोन विशेषणे.
तिसरी ओळ : त्याच नामाची क्रिया दाखविणारे तीन शब्द.
चौथी ओळ : चार नामे. पहिली दोन आरंभीच्या विषयाची, पुढची दोन शेवटच्या विषयाची.
पाचवी ओळ : शेवटच्या विषयाची क्रिया दाखविणारे तीन शब्द.
सहावी ओळ : शेवटच्या विषयाची दोन विशेषणे.
सातवी ओळ : एक नाम. हा कवितेचा शेवटचा विषय.

आरंभीचा विषय आणि शेवटचा विषय बहुधा परस्परविरुद्ध असतात. जसे डोंगर आणि दरी, पेरणी आणि कापणी, गाव आणि शहर. म्हणजे कविता एका टोकाला सुरू होते आणि अगदी उलट टोकाला जाऊन थांबते. ती वळते कोठे? चौथ्या ओळीच्या बरोबर मध्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या नामांच्या मधल्या जागी. ही जागा नीट लक्षात ठेवा. हिऱ्याचे सगळे तेज तेथे असते.

तिसऱ्या आणि पाचव्या ओळींत क्रिया दाखविणारे शब्द हवेत. त्यासाठी धातूला 'णारा', 'णारी', 'णारे' हे प्रत्यय लावावेत. धाव या धातूपासून धावणारा, धावणारी, धावणारे अशी रूपे होतात. येथे मराठीने या रचनेत एक नवीच गंमत आणली आहे. इंग्रजीत अशा शब्दांना लिंग नसते. मराठीत मात्र ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात. समजा, तुमचा आरंभीचा विषय 'डोंगर' आहे आणि शेवटचा 'दरी'. तर तिसऱ्या ओळीत 'चढणारा' येईल आणि पाचव्या ओळीत 'उतरणारी'. विषय पालटला आहे, हे शब्दाच्या शेवटल्या अक्षरावरून कानालाही कळेल. म्हणून लिहून झाल्यावर दोन्ही विषयांची लिंगे तपासण्यास विसरू नका.

नियम समजले म्हणजे कविता लिहिता आली, असे मात्र होत नाही. नियम पाळूनही कविता खोटी होऊ शकते. हे मला माझ्या विद्यार्थ्यांनी शिकविले. ते कसे, ते सांगतो.

भिवंडीजवळच्या एका शाळेत मी अनेक वर्षे शिकवीत होतो. मुख्याध्यापक झाल्यावरही सातवीचा मराठीचा तास मी सोडला नव्हता. एके वर्षी पौष महिन्यात आम्ही वर्गाची सहल वज्रेश्वरीला नेली. पहाटेच्या एस. टी.ने निघालो. देवीचे दर्शन झाल्यावर अकलोलीच्या कुंडांकडे गेलो. थंडी चांगलीच पडली होती. कुंडांवर पांढरी वाफ तरंगत होती. सांधेदुखीने गांजलेली वृद्ध माणसे पायऱ्यांवर बसून गुडघे शेकत होती. आणि कुंडांच्या अगदी शेजारून, दगडांमधून वाट काढीत, तानसा नदी वाहत होती. मुलांनी आधी कुंडात बोटे बुडविली, मग धावत जाऊन नदीत बुडविली आणि "आई गं!" म्हणून चटकन मागे घेतली.

"गुरुजी, इतके जवळजवळ असून एक पाणी गरम आणि एक गार कसे?" एका मुलाने विचारले.

मी म्हणालो, "पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून जमिनीत मुरते. जितके खोल जावे तितके खडक अधिक तापलेले असतात. फार खोल गेलेले पाणी तेथे तापते आणि दुसऱ्या भेगांतून पुन्हा वर येते. नदीचे पाणी वरच्यावर वाहते, म्हणून ते गार. मुळात दोन्ही पाणी आभाळातूनच आलेले."

मग मुलांना झाडाखाली बसवून मी हिराकृती कविता लिहावयास सांगितली. एका मुलीने सर्वांच्या आधी वही पुढे केली. तिचा पहिला मसुदा असा होता :

कुंड
पवित्र, रम्य
तापणारे, उकळणारे, वाफाळणारे
पाणी, वाफ, पाणी, लाटा
वाहणारी, गर्जणारी, धावणारी
सुंदर, रम्य
नदी

शब्द मोजले, सोळा भरले. नामे नामांच्या जागी होती, विशेषणे विशेषणांच्या जागी. लिंगेही अचूक होती. परीक्षेत अशा उत्तराला पूर्ण गुण द्यावे लागले असते. पण मी तिला विचारले, "बाळ, कुंड उकळत होते काय?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही. उकळत असते, तर ती आजी आत पाय सोडून कशी बसली असती?" सगळा वर्ग हसला. तीही हसली.

"आणि नदी? ती गर्जत होती?"

"नाही गुरुजी. पावसाळ्यात गर्जत असेल. आज ती नुसती खळखळत होती."

"मग गर्जणारी हा शब्द कोठून आला?"

"निबंधातून," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

मुलांनो, हे उत्तर फार मोलाचे आहे. आपल्या वहीत येणारे पुष्कळ शब्द असेच कोठून तरी आयते आलेले असतात. नदी म्हटली की गर्जणारी, पहाट म्हटली की रम्य, चंद्र म्हटला की शीतल. ते शब्द वाईट नसतात. पण ते आपण पाहिलेले नसतात. 'रम्य' हा शब्द तर तिच्या कवितेत कुंडालाही चालला आणि नदीलाही चालला. जो शब्द दोन्ही टोकांना सारखाच बसतो, तो टोके वेगळी कशी दाखविणार?

मी तिला सांगितले, "आता वहीचे पान मध्ये दुमड. डाव्या बाजूला कुंड, उजव्या बाजूला नदी. दोहोंविषयी डोळ्यांना काय दिसले, कानांना काय ऐकू आले, हाताला काय लागले, ते लिही. दहा दहा शब्द तरी हवेत. आणि कुंड व नदी यांच्या अगदी मध्ये उभी राहून पाहा."

ती उठली आणि कुंडाच्या काठावरून नदीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. ती म्हणाली, "गुरुजी, कुंडावरची वाफ नदीच्या बाजूला सरकते आणि नदीवरचे धुके कुंडाच्या बाजूला येते. वाफ कोठे संपते आणि धुके कोठे सुरू होते, तेच कळत नाही."

आणि खरोखर, तिला जे दिसले ते शास्त्रालाही धरून होते. डोळ्यांना दिसणारी पांढरी वाफ काय आणि धुके काय, दोन्ही म्हणजे पाण्याचे अगदी बारीक थेंब. एक उष्ण पाण्यावरचे, दुसरे गार पाण्यावरचे. दोन विरुद्ध गोष्टी जेथे एकमेकींना भेटतात, ती जागा तिला सापडली होती. मग उरलेले शब्द जमविण्यास फार वेळ लागला नाही. तिची दुसरी कविता अशी झाली :

कुंड
ऊन, बांधीव
बुडबुडणारे, थबकणारे, शेकणारे
ऊब, वाफ, धुके, गारठा
खळखळणारी, वळणारी, धावणारी
गार, मोकळी
नदी

दोन्ही मसुदे शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्या कवितेत पवित्र, सुंदर, रम्य असा एकही शब्द नाही. तरी ती अधिक सुंदर आहे. 'ऊन' च्या समोर 'गार' आहे, 'बांधीव' च्या समोर 'मोकळी' आहे, 'थबकणारे' च्या उलट 'धावणारी' आहे. वरच्या अर्ध्या भागातील पाणी थांबलेले आहे, खालच्या अर्ध्या भागातील पाणी चालू लागले आहे. आणि मधोमध 'वाफ' व 'धुके' हे दोन शब्द एकमेकांना लागून उभे आहेत.

रत्नपारखी लोक हिऱ्याला पैलू पाडतात, तेव्हा त्याचे वजन घटते, पण तेज वाढते. या मुलीने दुमडलेल्या पानावर वीसहून अधिक शब्द लिहिले आणि त्यांतले थोडेच ठेवले. बाकीचे गळाले, म्हणून उरलेले चमकले.

येथवर मी तुम्हाला विद्यार्थिनीची चूक आणि तिची दुरुस्ती सांगितली. आता माझी चूक सांगतो.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही परत निघालो. भिवंडी हे यंत्रमागांचे मोठे केंद्र आहे. गावात शिरताच खडखडाट ऐकू येऊ लागतो. दिवेलागणीची वेळ होती. एका नाक्यावर गाडी थांबली, तेव्हा आमच्या वर्गातील एक अबोल मुलगा एकदम खिडकीशी सरकला आणि बाहेर हात हलवू लागला. रस्त्याच्या कडेने एक गृहस्थ हातात जेवणाचा डबा घेऊन झपझप चालले होते. त्यांनीही हात हलविला.

"कोण रे ते?" मी विचारले.

"बाबा," तो म्हणाला. "कामावर निघालेत. त्यांची नेहमी रात्रपाळी असते."

एवढे बोलून तो पुन्हा गप्प झाला. पण माझ्या मनात काही तरी टोचले. सहलीच्या आठ दिवस आधी मी वर्गात 'दिवस आणि रात्र' या विषयावर हिराकृती कविता लिहून घेतली होती. या मुलाने दिवसाला 'अंधारा' हे विशेषण लावले होते आणि रात्रीला 'उजळ'. मी तांबड्या शाईने दोन्ही शब्दांवर काट मारून शेरा दिला होता, "विशेषणांची अदलाबदल झाली आहे. कविता पुन्हा लिही." त्याने काही न बोलता ती पुन्हा लिहिली होती. दिवस तेजस्वी झाला होता, रात्र काळी आणि शांत झाली होती. चाळीस मुलांच्या वह्यांत जशी होती, तशीच त्याच्याही वहीत झाली होती. मी खाली 'छान' असे लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याची वही मागून घेतली. सुदैवाने पहिले पान त्याने फाडलेले नव्हते. माझ्या तांबड्या रेघांखाली त्याचे शब्द अजून वाचता येत होते :

दिवस
दबका, अंधारा
घोरणारा, कुजबुजणारा, जपणारा
डबा, चादर, सूत, धोटा
खडखडणारी, विणणारी, जागणारी
उजळ, लांबलचक
रात्र

मी ही कविता दोनदा वाचली. एकाच खोलीचे घर. वडील रात्रभर काम करून सकाळी येऊन झोपलेले. त्यांना उजेड लागू नये म्हणून खिडकी लावून घेतलेली. घरातली सगळी माणसे हळू बोलणारी, भांड्याला भांडे लागू न देणारी. त्या घरात दिवस अंधारा नसेल तर कसा असेल? आणि कारखान्यात रात्रभर दिवे जळत असताना रात्र उजळ नसेल तर कशी असेल? त्याने विशेषणांची अदलाबदल केली नव्हती. त्याने आपल्या घराकडे पाहून लिहिले होते, आणि मी माझ्या ठरीव समजुतीकडे पाहून ते खोडले होते.

आणि ती चौथी ओळ! 'चादर' आणि 'सूत' हे शब्द एकमेकांना लागून आले होते. दिवसा वडील जी चादर पांघरून झोपतात, ती कापडाची. कापड कशाचे? रात्री मागावर चढणाऱ्या सुताचे. त्या मुलाच्या घरात दिवस आणि रात्र जेथे एकमेकांना भेटतात, ती जागा त्याने अचूक शोधली होती. तेही कोणी शिकविल्यावाचून.

मी माझा जुना शेरा खोडला आणि त्याखाली लिहिले, "पहिलाच मसुदा खरा होता. चूक माझी होती." मग त्याची परवानगी घेऊन ती कविता मी वर्गात वाचून दाखविली. वर्ग शांत झाला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आमच्याही घरी असेच असते." मग आणखी दोन हात वर झाले. चार मुलांच्या घरचा दिवस अंधारा होता, आणि आठ दिवसांपूर्वी त्यांतील तिघांनी दिवसाला निमूटपणे 'तेजस्वी' म्हटले होते.

म्हणून मुलांनो, खोडण्याचा नियम नीट समजून घ्या. नदी गर्जणारी नव्हती, तो शब्द ऐकीव होता. तो खोडणे योग्य होते. दिवस अंधारा होता, तो शब्द पाहिलेला होता. तो खोडणे अयोग्य होते. ऐकीव शब्द कितीही गोड असला तरी खोडावा. पाहिलेला शब्द कितीही विचित्र वाटला तरी ठेवावा. कोणी मोठ्या माणसाने त्यावर काट मारली, तर नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे, "मी हे पाहिले आहे." त्या मुलाने हे मला सांगितले असते, तर माझी चूक आठ दिवस आधीच सुधारली असती. आणि मी त्याला आधी विचारले असते, तर ती घडलीच नसती.

आता तुम्ही लिहावयास बसाल, तेव्हा हा क्रम पाळा.

प्रथम दोन विषय निवडा. ते तुमच्या रोजच्या पाहण्यातले असावेत. मग पान दुमडून दोन्ही बाजूंना दहा दहा शब्द लिहा. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा या पाचांनाही विचारा. त्यानंतर एकदम पहिल्या ओळीपासून लिहू लागू नका. आधी चौथी ओळ शोधा. कारण पूल बांधल्यावाचून पलीकडे जाता येत नाही. दोन्ही विषय जेथे एकमेकांना टेकतात अशी दोन नामे मिळाली, की ती मध्ये ठेवा आणि मग वरच्या व खालच्या ओळी भरा. शब्द मोजा. लिंगे तपासा. कविता मोठ्याने वाचा. शेवटी हरएक शब्दावर बोट ठेवून स्वतःला विचारा, "हा मी पाहिला आहे काय?" ज्याचे उत्तर 'नाही' येईल, तो बदला. मात्र खोडताना एकच साधी रेघ मारा. खालचा शब्द वाचता आला पाहिजे. कधी कधी तोच खरा असतो.

वज्रेश्वरीच्या कुंडांवर पौषाच्या पहाटे आजही वाफ तरंगते आणि भिवंडीत रात्रपाळीचे दिवे आजही जळतात. ते पाहणारे डोळे ज्याच्याजवळ आहेत, त्याच्याजवळ सोळा शब्दही आहेत.

स्वाध्याय

शब्दार्थ : नवस – इच्छा पूर्ण झाल्यास देवाला काही अर्पण करण्याचे वचन. सुनीत – चौदा ओळींची एक काव्यरचना. मसुदा – लेखनाचा पहिला कच्चा खर्डा. बांधीव – दगड-चुन्याने बांधून काढलेले. पैलू – रत्नाला घासून पाडलेली सपाट बाजू. धोटा – मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणारे साधन. ऐकीव – दुसऱ्याकडून नुसते ऐकलेले.

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'वज्र' या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
(आ) मोरोपंतांच्या 'निरोष्ठ रामायणा'चे वैशिष्ट्य कोणते?
(इ) हिराकृती कवितेत विषय कोठे पालटतो?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुलीच्या पहिल्या मसुद्यात नियम पाळले असूनही कोणते दोष राहिले होते?
(आ) लेखकाने मुलाच्या वहीतील आपला शेरा का खोडला?
(इ) 'चादर' आणि 'सूत' हे शब्द शेजारी आल्याने कवितेला कोणता अर्थ प्राप्त झाला?

३. तुमचे मत लिहा : मुलाने शेरा वाचून काही न बोलता कविता पुन्हा का लिहिली असेल? त्याच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?

४. भाषाभ्यास : पुढील धातूंना 'णारा', 'णारी', 'णारे' यांपैकी योग्य प्रत्यय लावून रिकाम्या जागा भरा.
(अ) ______ झाड (डोल) (आ) ______ वारा (झोंब) (इ) ______ ज्योत (थरथर) (ई) ______ रोप (वाढ)

५. पुढील जोड्यांतील दोन्ही विषय जेथे एकमेकांना भेटतात, अशी दोन नामे शोधा : पेरणी – कापणी; सुट्टी – शाळा; गाव – शहर.

६. लेखन : घरातील किंवा गावातील दोन परस्परविरुद्ध गोष्टी निवडून हिराकृती कविता लिहा. दुमडलेले पान, पहिला मसुदा आणि शेवटची कविता ही तिन्ही वहीत जपून ठेवा.